घरच्या सौरसंचासाठी इन्व्हर्टर निवडताना

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की दोन-तीन ठेकेदारांची कोटेशनं हातात येतात. पॅनेलबद्दल त्यात भरपूर लिहिलेलं असतं: कंपनी, वॅट, पंचवीस वर्षांची हमी. इन्व्हर्टरच्या वाट्याला एकच ओळ येते, ‘३ किलोवॅट इन्व्हर्टर, १ नग’. ही ओळ ठेकेदारावर सोडून देऊ नका. पॅनेल एकदा बसलं की फारसा त्रास देत नाही. संचात आधी बिघडतो तो इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर पंखा फिरेल की नाही, भर दुपारी संच आपोआप बंद पडेल की नाही, पाण्याच्या टाकीच्या सावलीने किती युनिट जातील, हे सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. आणि तुमच्यासाठी योग्य इन्व्हर्टर कोणता हे कंपनीच्या नावापेक्षा तुमचं छत, तुमचं मीटर आणि तुमच्या भागातली वीज यांवरून जास्त ठरतं.

इन्व्हर्टरची कामं तीन. पॅनेलमधून येणारी डीसी वीज घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसी विजेत बदलायची, हे पहिलं. ऊन-सावली, थंडी-उष्णता बदलेल तसं पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज कुठल्या व्होल्टेजला निघते ते सतत शोधत राहायचं, हे दुसरं. याला एमपीपीटी म्हणतात आणि ही अक्षरं पुढे वारंवार येतील. तिसरं म्हणजे महावितरणच्या लाइनशी ताल जुळवून वीज बाहेर द्यायची आणि लाइनमध्ये काही बिघडलं की तत्काळ अलग व्हायचं.

पायरी १: आधी बिल समोर घ्या

बिलावर तीन गोष्टी पाहा: मंजूर भार, सिंगल फेज की थ्री फेज, आणि मागच्या महिन्यांचा वापर. एका महिन्यावरून हिशेब करू नका. मे महिन्याचा आणि डिसेंबरचा वापर यांत एसी असलेल्या घरात दुपटीचा फरक पडतो. बारा महिन्यांची बेरीज करा.

महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. उन्हाळ्यात त्याहून जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलं की बरंच कमी. म्हणजे किलोवॅटमागे महिन्याला १२० युनिट धरा. समजा कराडजवळच्या एका घराचा वर्षाचा वापर ३,६०० युनिट आहे, म्हणजे महिन्याला ३००. त्या घराला अडीच किलोवॅट पुरतं, ३ किलोवॅटमध्ये थोडी मोकळीक राहते. ५४० वॅटची ६ पॅनेल लावली की ३.२४ किलोवॅट होतात. पुढची सगळी आकडेमोड याच घरावर करू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान घराला मिळतं. ३ किलोवॅटच्या पुढे अनुदान वाढत नाही. त्यासाठी पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले असावे लागतात आणि काम राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनमध्ये दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतात त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण ३१ मार्चला शिल्लक उरलेल्या युनिटांचे पैसे तुमच्या वीजदराने मिळत नाहीत, त्याहून बऱ्याच कमी दराने मिळतात. म्हणून वापरापेक्षा फार मोठा संच, आणि त्यामुळे मोठा इन्व्हर्टर, घेण्यात फायदा नाही. पुढे इलेक्ट्रिक स्कूटर किंवा एसी घ्यायचं पक्कं असेल तर एक किलोवॅटची जागा हिशेबात ठेवा.

जुन्या घरांचा मंजूर भार कित्येकदा १ किलोवॅटच्या आतबाहेर असतो. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचाला आता वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट राहिलेली नाही आणि भारवाढीची प्रक्रिया अर्जासोबतच होते. फक्त ठेकेदाराने ती केली आहे ना, हे विचारून घ्या.

पायरी २: लाइट गेल्यावर तुम्हाला काय हवं आहे?

सगळ्यात मोठा निर्णय हा आहे आणि सगळ्यात जास्त अपेक्षाभंगही इथेच होतो. छतावर ३ किलोवॅट पॅनेल, डोक्यावर कडक ऊन, आणि लाइट गेली की घरातला पंखा बंद! संच बिघडला असं वाटून लोक ठेकेदाराला फोन करतात. खरं तर तो बरोबर चाललेला असतो.

साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर, ज्याला काही जण ऑन-ग्रिड म्हणतात, लाइनमधली वीज गेली की बंद होतोच. तो बंद झालाच पाहिजे. खांबावर चढलेला लाइनमन लाइन मृत आहे असं समजून तारेला हात लावतो. त्या वेळी तुमच्या गच्चीवरून वीज लाइनमध्ये जात राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून हे संरक्षण प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये सक्तीचं आहे. ‘आम्ही ते बंद करून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आता पर्याय बघू.

तुमच्याकडे लाइट क्वचित, तासाभरासाठी जात असेल, तर ग्रिड-टाय पुरेसा आहे. तो स्वस्त असतो, कार्यक्षमता साधारण ९७ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. बहुतेक शहरी घरांना मी हाच सुचवतो. घरात आधीपासून बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर तो तसाच राहू द्या. लाइट गेल्यावर तो पंखे-दिवे सांभाळेल, लाइट असताना नेहमीप्रमाणे चार्ज होईल. एकच काळजी घ्या: सौर इन्व्हर्टरची जोडणी मुख्य बोर्डावर, मीटरच्या बाजूला व्हायला हवी. जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर ती कधीही करायची नाही. तसं झालं तर लाइट गेल्यावर सौर इन्व्हर्टर त्या बॅटरीच्या विजेला ग्रिड समजण्याचा धोका असतो आणि दोन्ही यंत्रं जळू शकतात.

लाइट रोज काही तास जात असेल, घरात आजारी माणसाचं ऑक्सिजन यंत्र असेल किंवा कुणाचं काम घरूनच चालत असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टरचा विचार करा. तो पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिघांना सांभाळतो. लाइट गेली की लाइनपासून अलग होऊन फक्त घरातल्या ठरावीक सर्किटना वीज देतो. त्यासाठी त्याला ‘बॅकअप’चं वेगळं आउटपुट असतं आणि कुठले पॉइंट त्यावर घ्यायचे हे वायरिंगच्या वेळीच ठरवावं लागतं. गिझर, एसी आणि पाण्याची मोटार त्यावर घेऊ नका. १ एचपीची मोटार चालताना साधारण पाऊण ते एक किलोवॅट घेत असली तरी सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि छोटा हायब्रिड तिथेच ट्रिप होतो.

बॅकअपचा हिशेब कागदावर करा. कराडच्या घरात ३ साधे पंखे म्हणजे २२५ वॅट, ६ एलईडी दिवे ६० वॅट, टीव्ही ८०, वायफाय १५, फ्रिज सरासरी १००. एकूण ४८० वॅट, ४ तासांना साधारण २ युनिट. १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांत ३.६ युनिट साठतात, पण त्या निम्म्याच्या खाली उतरवू नयेत, म्हणजे वापरायला १.८ युनिट. हे काठावरचं गणित झालं. ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ५.१२ युनिटची असते आणि तिच्यातले ८० ते ९० टक्के वापरता येतात. तिच्यावर रात्रही निघते. पण अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं मिळत नाही, आणि हायब्रिड व लिथियम बॅटरी घेतली की एकूण खर्च साध्या संचाच्या दीडपटीपुढे सहज जातो.

‘आत्ता हायब्रिड घ्या, बॅटरी नंतर बघू’ असा सल्लाही मिळतो. तो तपासून घ्या. बरेच हायब्रिड बॅटरी नसताना लाइट गेल्यावर ग्रिड-टायसारखेच बंद राहतात. शिवाय लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर यांना एकमेकांशी बोलता यावं लागतं. कंपनीच्या सुसंगत बॅटऱ्यांच्या यादीत नसलेली बॅटरी तीन वर्षांनी आणून जोडता येईलच असं नाही. आणि हायब्रिड स्वतः जागा राहायलाही थोडी वीज खातो, कितीतरी मॉडेल ३० ते ६० वॅट. दिवसरात्र धरलं तर महिन्याला २० ते ४० युनिट होतात.

ऑफ-ग्रिड संच, ज्यात लाइनमध्ये वीज द्यायची सोयच नसते, शेतातलं घर किंवा खांब न पोहोचलेली वस्ती अशा जागांसाठी योग्य आहे. घरात व्यवस्थित मीटर असताना तो घेऊ नका. नेट मीटरिंगही मिळत नाही आणि सूर्यघरचं अनुदानही.

पायरी ३: गच्चीवर उभं राहून सावली बघा

सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता गच्चीवर जा आणि सावली कुठे पडते ते खडूने आखा. जमलं तर डिसेंबरमध्ये करा, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. टाकी, जिन्याची खोली, शेजारच्या इमारतीचा मजला, नारळ हे सगळं त्यात धरा.

सर्वसाधारण इन्व्हर्टर स्ट्रिंग प्रकारचा असतो. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात आणि सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एका पॅनेलवर सावली आली की त्या साखळीवर परिणाम होतो. पॅनेलमधले बायपास डायोड नुकसान थोडं मर्यादित करतात, पण पुसून टाकत नाहीत.

गच्ची मोकळी असेल आणि सगळी पॅनेल दक्षिणेला एकाच कोनात असतील तर एक एमपीपीटी, म्हणजे योग्य व्होल्टेज शोधणारा एकच भाग, पुरतो. काही पॅनेल पूर्वेला, काही पश्चिमेला असतील (कौलारू किंवा पत्र्याच्या दुपाखी छतावर असंच करावं लागतं) तर दोन एमपीपीटीचा इन्व्हर्टर घ्या आणि प्रत्येक बाजूची साखळी वेगळ्या एमपीपीटीवर जोडायला सांगा. सावली तुकड्यातुकड्यांनी फिरत असेल तर मायक्रो-इन्व्हर्टर कामाचा. तो प्रत्येक पॅनेलखाली, किंवा दोन ते चार पॅनेलमागे एक, असा बसतो आणि प्रत्येक पॅनेलला आपापल्या परीने काम करू देतो. छतावर ३०० व्होल्टची डीसी तारही फिरत नाही, ही सुरक्षिततेची मोठी गोष्ट आहे. पण किंमत जास्त, आणि बिघडल्यास दुरुस्ती तापलेल्या पॅनेलखाली हात घालून. माझं मत विचाराल तर आधी टाकी हलवता येते का बघा. प्लंबरचा खर्च मायक्रो-इन्व्हर्टरपेक्षा कमी येतो.

पायरी ४: पॅनेलचे आणि इन्व्हर्टरचे आकडे जुळवा

ठेकेदाराकडून दोन्हींचं माहितीपत्रक मागून घ्या. न देणाऱ्याला काम देऊ नका. त्यात चार आकडे शोधायचे आहेत, आणि बेरीज-गुणाकार येणाऱ्या कुणालाही हे जमतं.

पॅनेलच्या पत्रकावर खुल्या सर्किटचा व्होल्टेज म्हणजे व्हीओसी दिलेला असतो. ५४० वॅटच्या पॅनेलला तो साधारण ४९.५ व्होल्ट असतो. हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. पॅनेल थंड झालं की व्होल्टेज वाढतो, दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के. कराडच्या घराच्या ६ पॅनेलचे २९७ व्होल्ट होतात, हिवाळ्यात पहाटे १० अंशांना सुमारे ३०९. सिंगल फेज इन्व्हर्टरची डीसी मर्यादा बहुधा ५५० किंवा ६०० व्होल्ट असते, त्यामुळे इथे काहीच अडचण नाही.

पण हेच निफाडला १२ पॅनेलच्या एका साखळीने करून बघा. १२ गुणिले ४९.५ म्हणजे ५९४ व्होल्ट, ६०० च्या आत, म्हणून चालेल असं वाटतं. निफाडला थंडीत पारा ५ अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही उतरतो. २५ पेक्षा २० अंश कमी म्हणजे ५.४ टक्के वाढ, ६२६ व्होल्ट. उगवतीचं ऊन पॅनेलवर पडताच इन्व्हर्टर मर्यादेबाहेर जाईल. असा जळालेला इन्व्हर्टर हमीत बसत नाही, कारण किती व्होल्टेज आला होता त्याची नोंद त्याच्या आतच राहते. ११ पॅनेल ठेवली तर ५७४ व्होल्ट होतात आणि सुरक्षित राहतं. किंवा सहा-सहाच्या दोन साखळ्या करायच्या.

उलट टोक उन्हाळ्याचं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पॅनेलचं अंग ७० अंशांपर्यंत तापतं आणि काम करतानाचा व्होल्टेज पॅनेलमागे ४१.५ वरून ३५ पर्यंत उतरतो. ६ पॅनेलचे २१० व्होल्ट राहतात, ते ठीक. पण एका बाजूला जागा नाही म्हणून तीनच पॅनेलची साखळी केली तर १०५ व्होल्ट उरतात. इन्व्हर्टर किती व्होल्टला सुरू होतो आणि एमपीपीटीची कक्षा कुठून सुरू होते हे दोन आकडे पाहा. १२० ला सुरू होणाऱ्या इन्व्हर्टरवर ती तीन पॅनेल ऐन उन्हात नीट कामच करणार नाहीत.

चौथा आकडा करंटचा, आणि हाच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. आजच्या ५४० वॅटच्या पॅनेलचा करंट १३ अँपिअरच्या आसपास असतो, शॉर्ट सर्किट करंट १४ च्या जवळ. पॅनेल दोन्ही बाजूंनी वीज बनवणारं, म्हणजे बायफेशियल असेल आणि खाली पांढरा रंग दिलेली गच्ची असेल तर त्यात आणखी भर पडते. जुन्या आराखड्याचे काही इन्व्हर्टर एमपीपीटीमागे ११ किंवा १२.५ अँपिअरच घेतात. वरचा करंट वायाच जातो, तोही रोज, नेमक्या चांगल्या उन्हाच्या तासांत. १६ अँपिअर किंवा जास्त असेल असा इन्व्हर्टर घ्या. त्याहून मोठ्या आकाराच्या सेलची, ६०० वॅटच्या वरची काही पॅनेल १७-१८ अँपिअरची असतात, त्यांना २० अँपिअरचा लागतो.

पायरी ५: इन्व्हर्टर किती किलोवॅटचा

३.२४ किलोवॅट पॅनेलला ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर बरोबर आहे. पॅनेल छापील वॅट क्वचितच देतं. उष्णता, धूळ, तारांतली घट यांत १५-२० टक्के जातात. म्हणून पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा १० ते ३० टक्क्यांनी जास्त असणं हा ठेकेदाराचा कंजूषपणा नाही. नंतर दोन पॅनेल वाढवायची असतील तर मात्र तेवढी जागा इन्व्हर्टरमध्ये आहे का, ते आत्ताच बघा.

सिंगल फेज मीटरला सिंगल फेज इन्व्हर्टर. थ्री फेज मीटर असेल आणि संच ५ किलोवॅटच्या आसपास किंवा मोठा असेल तर थ्री फेज इन्व्हर्टर घ्या, म्हणजे सगळी वीज एकाच फेजवर येऊन तिथला व्होल्टेज चढत नाही. एक लक्षात असू द्या: गावाकडे तीनपैकी एक फेज जाणं नेहमीचं आहे, आणि एक फेज गेली की थ्री फेज ग्रिड-टाय पूर्ण थांबतो.

पायरी ६: दुपारचा व्होल्टेज मोजा

ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात, म्हणून इथे थोडं थांबतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या जोडणी-नियमांनुसार लाइनचा व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेला की इन्व्हर्टरने २ सेकंदांत अलग व्हायचं असतं. २३० च्या हिशेबाने ही कक्षा १८४ ते २५३ व्होल्ट.

मल्टिमीटर घ्या किंवा वायरमनला बोलवा आणि आठवडाभर दुपारी १२ ते ३ मध्ये घरातल्या सॉकेटवर व्होल्टेज बघा. ज्या भागात दिवसा शेतीपंप चालतात तिथे तो १९० च्या खाली उतरलेला दिसेल. डीपीला (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला) लागून असलेल्या घरात, किंवा ज्या गल्लीत आधीच अनेक छतांवर पॅनेल आहेत तिथे, २४५ ते २५० दिसेल. दोन्ही ठिकाणी इन्व्हर्टर थांबून थांबून चालतो आणि दोष इन्व्हर्टरला लागतो.

कमी व्होल्टेजवर घरातून फारसा उपाय नाही. महावितरणकडे लेखी तक्रार करा आणि डीपीवरचा भार वाटून मागा. जास्त व्होल्टेजवर मात्र तुमच्या हातात बरंच काही आहे. इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो तेव्हा त्याच्या तोंडाशी व्होल्टेज मीटरपेक्षा जास्त असतो, आणि हा फरक तार किती लांब आणि किती बारीक यावर ठरतो. ३ किलोवॅटला १३ अँपिअर धरा आणि इन्व्हर्टर ते मीटर अंतर ३० मीटर. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर तार वापरली तर सुमारे ५.८ व्होल्ट वाढतात, ४ ची वापरली तर ३.६, ६ ची वापरली तर २.४. आता दुपारी मीटरवर २४८ व्होल्ट असतील तर २.५ च्या तारेने इन्व्हर्टरला २५३.८ दिसतील आणि तो बंद पडेल. ४ च्या तारेने २५१.६ दिसतील आणि तो चालत राहील. यंत्र तेच, फरक फक्त तारेचा. म्हणून कोटेशनमध्ये एसी केबलचा आकार आणि लांबी लिहून घ्या.

इन्व्हर्टर मीटरजवळ, खालच्या मजल्यावर बसवला तर एसी तार आखूड होते आणि डीसी तार लांबते. डीसी बाजूला व्होल्टेज जास्त असल्याने ती लांबी तितकी बोचत नाही, आणि लाइनच्या मर्यादेशी तिचा संबंधही नसतो. ती सोलर दर्जाची, पाइपातून नेलेली आणि वेगळी ओळखता येईल अशी असली म्हणजे झालं.

संच सतत ट्रिप होतो म्हणून सेटिंगमधली मर्यादा २६५ किंवा २७० करून देणारे तंत्रज्ञ आहेत. करू देऊ नका. तो वाढीव व्होल्टेज तुमच्याच फ्रिजला आणि टीव्हीला मिळतो, शेजाऱ्यांच्याही. इन्व्हर्टरमध्ये देश ‘भारत’ निवडलेला आहे ना, तेवढं मात्र स्क्रीनवर बघून घ्या.

पायरी ७: जागा ठरवा

उष्णता ही इन्व्हर्टरची खरी शत्रू. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. बहुतेक इन्व्हर्टर ४५ अंशांच्या पुढे स्वतःहून उत्पादन कमी करतात. विदर्भात सावलीतच पारा तिथे पोहोचतो, उघड्या गच्चीवरच्या भिंतीचं तर बोलायलाच नको. जिन्याखाली, व्हरांड्यात, उत्तरेच्या भिंतीवर जागा शोधा. चारी बाजूंना पत्रकात दिलेलं अंतर मोकळं ठेवा. लाकडी कपाटात बंद करू नका.

बाहेर बसवायचा असेल तर धूळ-पाणी आत न जाऊ देणारा आयपी६५ किंवा आयपी६६ दर्जा हवा आणि तरीही वर छोटी पत्र्याची पडवी करा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने स्क्रू, टर्मिनल आणि पंखे आधी खराब होतात. तिथे पंखा नसलेला, फक्त ॲल्युमिनियमच्या पात्यांनी थंड होणारा इन्व्हर्टर घेतलेला बरा.

इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना, डीसी आणि एसी, टाइप २ सर्ज संरक्षक (अचानक उसळलेला व्होल्टेज जमिनीत सोडणारे) असलेले डबे असावेत. मराठवाड्यात मे-जूनमधल्या वळवाच्या विजा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कारण सांगायला नको. एसी, डीसी आणि लाइटनिंग अरेस्टर यांचे तीन वेगळे अर्थिंग खड्डे घ्या. खड्डा खणताना तिथे उभे राहा.

पायरी ८: शिक्का, हमी आणि दुरुस्तीला येणारा माणूस

भारतात विकल्या जाणाऱ्या सौर इन्व्हर्टरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते. सुरक्षिततेसाठी आयएस १६२२१ आणि लाइट गेल्यावर बंद होण्याच्या चाचणीसाठी आयएस १६१६९ ही मानकं आहेत. यंत्रावरच्या लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकून बघा.

हमी ५ वर्षांपासून १० वर्षांपर्यंत मिळते. पॅनेलची २५ वर्षं धरली तर इन्व्हर्टर निदान एकदा बदलावा लागणारच, तो खर्च आजच मनात धरा. हमीच्या वर्षांपेक्षाही महत्त्वाचे तीन प्रश्न विचारा. बिघडल्यास बदली यंत्र मिळतं की दुरुस्त करून तेच परत येतं? किती दिवसांत? काढण्या-बसवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च कुणाचा? मे महिन्यात संच तीन आठवडे बंद राहिला तर कराडच्या घराचे ३०० युनिटांच्या आसपास जातात. सूर्यघर योजनेत ठेकेदाराने ५ वर्षं देखभाल करायची असते, ते करारनाम्यात आहे ना पाहा. तुमच्या जिल्ह्यात ज्या कंपनीचं सेवाकेंद्र आहे तिचा साधा इन्व्हर्टर, फक्त मुंबईत केंद्र असलेल्या कंपनीच्या भारी इन्व्हर्टरपेक्षा चांगला. गावातल्या ज्या घरावर तीन-चार वर्षं संच चालू आहे त्या घरी जाऊन विचारा, तक्रार केल्यावर कोण आलं आणि कधी.

संच सुरू होण्याच्या दिवशी

इन्व्हर्टरचा अनुक्रमांक बिलावर, हमीपत्रावर आणि यंत्रावर एकच आहे का ते जुळवा. मोबाइल ॲपवरचं खातं तुमच्या नंबरवर आणि तुमच्या नावावर उघडून घ्या. ठेकेदाराला पाहण्यापुरता प्रवेश द्या. खातं त्याच्या नावावर राहिलं आणि त्याने धंदा बंद केला तर जुन्या नोंदी मिळवताना फार त्रास होतो. वायफाय गच्चीपर्यंत किंवा यंत्रापर्यंत पोहोचतं का, तेही त्याच दिवशी बघा.

मग ठेकेदारासमोर मुख्य एमसीबी खाली करा. इन्व्हर्टर लगेच थांबला पाहिजे. परत वर केल्यावर तो काही वेळ लाइन तपासतो आणि स्वतःहून सुरू होतो. हायब्रिड असेल तर याच वेळी बॅकअपवरचे दिवे-पंखे चालू राहतात का आणि गिझर चुकून त्यावर गेलेला नाही ना, हे कळतं.

पहिल्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी दिवसाचे युनिट वहीत लिहा. ३.२४ किलोवॅटच्या संचाने निरभ्र दिवशी १३ ते १६ युनिट दिले पाहिजेत. लख्ख ऊन असूनही ते १० च्या आसपास राहिले तर ॲपमधला दिवसाचा आलेख उघडा. दुपारी तो वरून सपाट कापल्यासारखा दिसत असेल तर करंटची किंवा किलोवॅटची मर्यादा लागते आहे. मध्येच शून्यावर येऊन परत चढत असेल तर व्होल्टेजने ट्रिप होतो आहे. रोज ठरावीक वेळी खाली बसत असेल तर ती सावली आहे. त्या आलेखाचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवा आणि सोबत त्या वेळचा त्रुटी-कोडही लिहा.